‘येस’ म्हणजे येतो

जून तोंडावर आलेला. कपाशीच्या बियाण्याचा सीझन. पुण्याहून नव्याने आलेले आमचे साहेब जळगावच्या कचेरीतून धुळ्याच्या डेपोला फोन लावून बसले होते. पलीकडे जिभाऊ.

“पारोळ्याचा माल आज निघेल ना?” साहेबांनी विचारलं.

पलीकडून खणखणीत आवाज आला, “येस!”

साहेबांनी फोन ठेवला, डायरीत ‘पारोळा – कन्फर्म’ असं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि माझ्याकडे पाहिलं. प्रश्न सरळ विचारला की उत्तर सरळ मिळतं, एवढं तुम्हा लोकांना एकोणतीस वर्षांत कळलं नाही, असं ती नजर म्हणत होती.

संध्याकाळी सहाला पारोळ्याच्या दुकानदाराचा फोन. माल आलेला नाही, शेतकरी ओट्यावर बसून आहेत. साहेबांनी पुन्हा धुळं लावलं.

“जिभाऊ, दुपारी तुम्ही मला येस म्हणालात.”

“तुम्हाले नही साहेब. बाहेरून चहावाल्याने आवाज दिला, त्याले म्हटलं, येस.”

अहिराणीत ‘येस’ म्हणजे ‘येतो’. आणि गंमत एवढ्यावर संपत नाही. मी येस, तू येस, तो येस. तिघांना एकच रूप. त्यामुळे ‘येस’ ऐकलं की कुणीतरी येणार एवढं कळतं. कोण, ते समोर दिसल्यावर. ‘करस’चंही तसंच. मी करस, तू करस, तो करस. आता ज्या बोलीत मी, तू आणि तो करायच्या वेळी सारखेच, तिथे जबाबदारी निश्चित करण्यासाठी मीटिंग बोलावून काय होणार? साहेबांनी ती बोलावली होती. दीड तास चालली. काम कोण ‘करस’ ते शेवटपर्यंत व्याकरणातच राहिलं.

“पण ही मराठीच आहे ना?” साहेबांनी मला वैतागून विचारलं. हा प्रश्न साहेबांच्याही आधी एका मोठ्या साहेबाला पडला होता. ग्रिअर्सनने हिंदुस्थानातल्या भाषांची मोजदाद केली, तेव्हा त्याने खानदेशी मराठीच्या खंडात घातली नाही. १९०७ साली निघालेल्या भिल्ली भाषांच्या खंडात नेऊन बसवली. फाइल कोणत्या कपाटात लावायची ते कळलं नाही की कारकून ती जिथे जागा असेल तिथे सरकवतो. एवढ्या थोर विद्वानाच्या पंगतीला नेऊन बसवल्यावर साहेब जरा शांत झाले.

मी स्वतः धुळ्याकडचा नाही, जळगावच्या पूर्वेकडचा. जळगावहून धुळ्याला निघालं की एरंडोल, पारोळा करत जाता जाता ‘काबरं?’चं कधी ‘कसाले?’ होतं ते बसच्या खिडकीतून कळत नाही. आमच्याकडे सगळा कारभार ‘हाव’वर चालतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, हाव म्हणजे हो. तसं असतं तर कंपनी कुठल्या कुठे गेली असती. एकदा म्हटलेला ‘हाव’ म्हणजे ऐकलं. लागोपाठ दोनदा ‘हाव हाव’ म्हणजे पुरे, आता थांबा. ‘हाव ना भो’ म्हणजे हे मला तुमच्या आधीपासून माहीत आहे. आणि लांबवलेला, शेवटी जरा खाली उतरणारा ‘हावऽऽ’ म्हणजे नाही. मी हे सगळं साहेबांना कागदावर लिहून दिलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, “मग होकार कसा ओळखायचा?” मी म्हटलं, “माणूस काही न बोलता चपला घालायला लागला की.”

त्यात पुन्हा मे महिना आणि कूलर. जळगाव-धुळ्याच्या उन्हाची कीर्ती मी सांगायला नको. पारा पंचेचाळिसाच्या आसपास घुटमळायला लागला की दुपारी बारा ते चार माणूस माणसाशी बोलत नाही, फक्त सोसतो. कचेरीत एकच मोठा पत्र्याचा कूलर. वाळ्याचा वास, पाण्याची टपटप आणि असा आवाज की विमान उतरतंय. कूलरच्या झोतात बसलेला माणूस कशालाही हाव म्हणतो, कारण त्याला ऐकूच येत नाही. झोताबाहेर बसलेला कशालाही नाही म्हणतो, कारण तो झोताबाहेर असतो. सगळ्या मोठ्या मंजुऱ्या मी मे महिन्यात, साहेबांची खुर्ची कूलरसमोर सरकवून मिळवल्या आहेत. आम्ही खानदेशी माणसं मोठ्याने बोलतो, भांडल्यासारखं बोलतो, अशी तक्रार पुण्याकडची मंडळी करतात. त्यांनी एक उन्हाळा त्या कूलरच्या शेजारी बसून ‘बिल पास झालं का हो?’ हे हळुवार आवाजात विचारून दाखवावं.

एक गोष्ट मात्र मला नोकरीच्या दहाव्या-बाराव्या वर्षी उमगली आणि त्यानंतर मी कचेरीत कधी फसलो नाही. आमच्याकडे माणूस काय बोलतो याला फारशी किंमत नसते. कोणत्या भाषेत बोलतो ते बघायचं. अहिराणी किंवा आमची गावबोली आली की काम झालं समजा. “करी टाकूत ना भो” असं कुणी म्हणालं, तर घरी जाऊन झोपावं. हिंदी सुरू झाली की भांडण. आमचे स्टोअरवाले नाना आयुष्यभर मराठीत वावरले, पण ट्रकवाल्याशी वाजलं की “देखो भाई” म्हणून जे सुरू व्हायचे, ते बाजूचं भुसावळ जंक्शन आणि पलीकडचं बऱ्हाणपूर मदतीला घेऊनच थांबायचे. इंग्रजी आली की चूक कुणाचीच नाही. ‘शॉर्टेज’, ‘पेंडिंग’, ‘प्रोसेसमध्ये आहे’. ह्यातला एकही शब्द माणसाने केलेला नसतो, ते आपोआप घडलेलं असतं.

आणि शुद्ध मराठी? शुद्ध मराठी ऐकली की मी टोपी उचलून निघतो. एकदा मला मुलीच्या लग्नासाठी पीएफमधून पैसे काढायचे होते. पहिल्या दिवशी तिथला कारकून म्हणाला, “व्हई जाई काका.” मी मंडपवाल्याला आगाऊ रक्कम देऊन टाकली. दुसऱ्या आठवड्यात तोच म्हणाला, “होईल, बघतो.” माझ्या पोटात कालवलं. तिसऱ्या आठवड्यात तो ताठ बसून म्हणाला, “आपल्या अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार करण्यात येईल.” मी तिथून तडक मेहुण्याकडे उसने मागायला गेलो. ‘करण्यात येईल’ ह्या क्रियापदात कर्ता नसतो, हे सगळ्यांनाच माहीत आहे. पण त्यात क्रियाही नसते, हे अनुभवाने कळतं. राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय निघालं, १९६२ साली पदनाम कोश आला आणि क्लार्कचा लिपिक झाला. मी स्वतः मुख्य लिपिक झालो. पगार होता तोच राहिला. माझ्याकडे येणारा शेतकरी मला अजून “ओ भाऊ” म्हणून हाक मारतो आणि मी ‘ओ’ देतो, कारण ‘ओ मुख्य लिपिक’ म्हणणाऱ्या माणसाने येताना नक्की तक्रारीचा अर्ज आणलेला असतो.

हाक हा तर वेगळाच विषय. पुण्याच्या मुख्य कचेरीतून एकदा फर्मान आलं: यापुढे सगळ्यांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची, साहेब-बिहेब बंद, त्याने मोकळेपणा वाढतो. आमच्याकडे मोकळेपणाची टंचाई कधी नव्हती, नावांची होती. आमच्या हिशेबवाल्या आप्पांचं खरं नाव शेवटचं कधी कुणी उच्चारलं असेल तर ते शाळेच्या हजेरीत. पगारपत्रक आलं की ‘हा कोण?’ म्हणून दोघं-तिघं चौकशी करायचे आणि ते आप्पाच निघायचे. आमचा शिपाई अठ्ठावन्नचा, इंजिनियर पोरगा सव्वीसचा. शिपायाने फर्मान पाळलं. पोराच्या पहिल्या नावाला ‘भाऊ’ जोडला. पोरगा म्हणाला, “काका, नुसतं नाव म्हणा.” शिपाई म्हणाला, “हाव हाव.” दुसऱ्या दिवसापासून त्याने नाव गाळलं आणि नुसतं ‘भाऊ’ ठेवलं.

मग एकदा त्याच मुख्य कचेरीने एक प्रशिक्षक पाठवला. विषय ‘प्रभावी संवाद’. हायवेवरच्या हॉटेलात एसी हॉल, प्रत्येकाला वही-पेन आणि जेवणात शेवभाजी, त्यामुळे हजेरी शंभर टक्के. प्रशिक्षक गोड माणूस होता. त्याने सांगितलं, समोरच्याचं नीट ऐकलं हे त्याला कळावं म्हणून त्याचंच वाक्य आपल्या शब्दांत त्याला परत म्हणून दाखवायचं. आणि सरावासाठी त्याने दोन माणसं उठवली. नेमके हिशेबवाले आप्पा आणि स्टोअरवाले नाना. ह्या दोघांची दिवाळीपासून बोलाचाल बंद होती. नानांचं एक भाड्याचं बिल आप्पांच्या टेबलाच्या खणात पडलं होतं. हॉलमध्ये अशी शांतता पसरली, की मला प्रथमच एसीचा आवाज ऐकू आला.

“तुम्ही माझं बिल अडवलं,” नाना म्हणाले.

“म्हणजे तुमचं म्हणणं असं आहे,” आप्पा शिकवल्याप्रमाणे म्हणाले, “की मी तुमचं बिल अडवलं.”

“म्हणणं काबरं? अडवलंच!”

“म्हणजे तुम्हाला असं वाटतं, की अडवलंच.”

“वाटतं? देखो भाई—”

हिंदी सुरू झाल्यावर मी प्रशिक्षकाच्या कानात सांगितलं, की आता जेवणाची सुट्टी केलेली बरी. आमच्या भागात माणसाचं वाक्य त्यालाच परत म्हणून दाखवलं, तर त्याला वेडावणं म्हणतात. लहानपणी त्यासाठी मार बसतो.

अर्थात इंग्रजीतून चालणाऱ्या ह्या सगळ्या कंपनी-संस्कृतीवर आम्ही नाक मुरडण्यात अर्थ नाही, कारण तिचं एक मूळ आमच्याच अंगणात आहे. १९४५ साली अमळनेरला वनस्पती तूप-तेलाची एक कंपनी निघाली, तिचं पुढे विप्रो झालं. तिथून निघून ती जगभर गेली. जगभरच्या मीटिंगांत आज जो निसरडेपणा असतो, त्यात थोडा वाटा त्या तुपाचा असावा, असं माझं खाजगी मत आहे.

मीटिंगची मिनिट्स लिहायचं काम एकोणतीस वर्षं माझ्याकडे. त्यात मी पारंगत आहे. ‘सविस्तर चर्चा झाली’ म्हणजे भांडण झालं. ‘सर्वानुमते ठरले’ म्हणजे साहेब बोलले. ‘सदर विषय पुढील सभेत घेण्यात यावा’ म्हणजे चहा आला. पण ह्या कामातला आमच्या भागाचा खरा माणूस म्हणजे साने गुरुजी. अमळनेरच्या शाळेतले मास्तर. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते आणि विनोबाही तिथेच. विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलायचे आणि गुरुजी समोर बसून लिहून घ्यायचे. पहिलं प्रवचन २१ फेब्रुवारीला, अठरावं १९ जूनला. मी कॅलेंडर मांडून मोजलंय: अठरा रविवार, एक खाडा नाही. मधे धुळ्याचा एप्रिल आणि धुळ्याचा मे आहे, हे कृपा करून लक्षात घ्या. कूलर नाही. चहा असेल असं वाटत नाही. श्रोत्यांपैकी एकही जण ‘मला दुसरी मीटिंग आहे’ म्हणून मधेच उठला नाही. उठून जाणार कुठे? वक्ता विषय सोडून गेला नाही, लिहिणारा पेंगला नाही, आणि त्या मिनिट्सचं ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक होऊन ते देशातल्या कितीतरी भाषांत गेलं. माझ्या मिनिट्स शेजारच्या खोलीतही गेल्या नाहीत. साहेबांना मी हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे सुचवताय काय, दार बाहेरून लावून घ्यायचं?” मी काही सुचवत नव्हतो. पण विचार वाईट नव्हता.

बोलण्यावर माझा विश्वास कमी आहे त्याला घराणंही कारण आहे. माझे मामा बैलांचे दलाल. लहानपणी ते मला सावद्याच्या गुरांच्या बाजारात न्यायचे. तिथे मी पाहिलेला संवाद पुढे कुठल्याच कचेरीत पाहिला नाही. आधी बैलाचे दात बघायचे, शेपटीखालून हात फिरवायचा, चार पावलं चालवून बघायचा. मग दोघं एकमेकांचा हात धरायचे आणि वरून रुमाल टाकायचे. भाव आत, बोटांनी. एक बोट दाबलं म्हणजे शंभर की हजार, हे बैलाकडे बघून ठरतं. ज्याला तेवढं कळत नाही त्याने हात घालू नये. खरी मजा रुमालाच्या बाहेर. तोंडाने घेणारा म्हणत असतो, “असा मरतुकडा बैल मी जन्मात पाहिला नही.” विकणारा म्हणतो, “पोरासारखा वाढवला, विकायचाच नही मले.” चार बघे मान डोलावतात. आणि रुमालाच्या आत बोटं शांतपणे पुढे सरकत असतात. तोंड लोकांसाठी, हात कामासाठी. एकदम रुमाल निघतो, दोघं हसतात आणि बैल दुसऱ्याच्या दोराने चालायला लागतो. मामांना मी विचारायचो, कितीला गेला? मामा म्हणायचे, “चाल, भजी खाऊ.”

पुढे धान्याच्या, कापसाच्या बाजारात बाजार समित्यांचा उघडा लिलाव आला, तो शेतकऱ्याच्या भल्याचाच. रुमालाखाली शेतकऱ्याची बोटंही कापली जायची. पण रुमाल गेला असं मात्र समजू नका. तो आमच्या कॉन्फरन्स टेबलावर आला. टेबलाच्या वर विक्रीचे आकडे आणि ‘टार्गेट’. टेबलाखाली आप्पा माझ्या पायावर पाय देऊन सांगणार, की गप्प बस, साहेबांचा मूड नाही. आता तर टेबलाचीही गरज उरली नाही, व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे. पहाटे पाचपासून फुलं, देव आणि सुविचार. त्यात मधेच कुठेतरी ‘उद्या ऑडिट आहे’ हे एक वाक्य. त्याखाली बावीस अंगठे. साहेब खूश, की बावीस जणांना कळलं. अंगठा दाखवणं ह्याचा आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या काय अर्थ होतो, ते त्यांना ऑडिटच्या दिवशी कळलं.

पण ज्याला प्रभावी संवाद म्हणतात, तो आमच्या कंपनीत वर्षातून एकदाच होतो, डिसेंबर-जानेवारीत, भरीत पार्टीला. आसोद्याच्या बाजूला एका ओळखीच्या मळ्यात जातो. भरिताची वांगीही तिथलीच. मोठी, हिरवट-पांढरी, बिया कमी. जळगावच्या ह्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आसोदेकर त्याआधीही तितकेच ताठ चालायचे. आसोदं बहिणाबाईंचंही माहेर. त्यांना लिहिता येत नव्हतं. काम करता करता ओव्या सुचायच्या, मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी कागदावर उतरवून ठेवल्या म्हणून त्या राहिल्या आणि १९५२ साली, त्या गेल्यानंतर, पुस्तकात आल्या. शेतात, जात्यावर असताना कुणी त्यांना ‘हे जरा मेलवर टाका’ असं म्हटलं नाही, हे आपलं केवढं नशीब.

त्या वर्षी साहेबांची ती पहिलीच भरीत पार्टी. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ केला, वांगी काळी होईपर्यंत भाजली, साल काढून लाकडी भांड्यात मुसळाने ठेचली. वरून तेलात परतलेली हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याची भाकरी आणि पुऱ्या. धुळ्याहून जिभाऊ आले होते; ते येणार हे त्यांनी फोनवर “येस” म्हणून कळवलं होतं आणि ह्या वेळी तो खरा येस होता. पंगत बसली. वाढायला आप्पा. ओळीने येत येत ते नानांच्या पानाशी पोचले आणि थांबले. आम्ही सगळ्यांनी भाकरीकडे पाहायला सुरुवात केली.

“वाढू?” आप्पा म्हणाले.

नानांनी वर पाहिलं नाही. “हाव.”

आप्पांनी एक डाव वाढला. मग दुसरा. मग तिसरा.

“हाव हाव,” नाना म्हणाले.

सोमवारी बिल पास झालं होतं.

साहेब इकडे पहिल्या घासाला ‘वा’ म्हणाले, दुसऱ्याला काही म्हणाले नाहीत आणि तिसऱ्याला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मिरची आमच्या मानाने त्या दिवशी कमीच होती. तोंड उघडं, जीभ बाहेर, एक हात तांब्याच्या दिशेने खालीवर आणि मान जोरजोरात हलतेय. नेमकी ही वेळ साधून जिभाऊ पुढे सरकले.

“साहेब, धुळ्याच्या डेपोले नवीन कूलर लई गरजेचा शे. घेऊ ना?”

साहेबांची मान हलली.

“आणि गोडाऊनचं पत्र्याचं काम?”

मान हलली. हातही हलला.

मी मागे का राहू? “आणि साहेब, माझी पंधरा दिवसांची रजा?”

सोमवारी मी मिनिट्स लिहिल्या. ‘तिन्ही विषयांवर सविस्तर चर्चा झाली. मा. साहेबांनी मान हलवून मंजुरी दिली.’ पाणी मागितल्याची नोंद घेतली नाही; तो विषय पत्रिकेवर नव्हता.